लोणारच्या सरोवराचा काठ वर्षभर रंग का बदलतो?

जून २०२० चा दुसरा आठवडा. टाळेबंदीत घरी बसलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर एक फोटो आला. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर, जे शाळेच्या सहलीत हिरवंगार पाहिलेलं आठवत होतं, ते चक्क गुलाबी दिसत होतं. कुणी म्हणालं उल्केचा परिणाम, कुणी म्हणालं प्रदूषण, कुणी म्हणालं माणसं घरात बसली म्हणून निसर्ग खुलला. काहींना फोटोच खोटा वाटला. फोटो खरा होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पाण्याचे नमुने तपासून घ्यायला सांगितलं. नागपूरची ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे नमुने गेले आणि महिन्या-दीड महिन्यात उत्तरही मिळालं.

बातम्यांत ते उत्तर ‘हॅलोआर्किया’ या एका शब्दात आलं आणि पुष्कळांच्या डोक्यावरून गेलं. तो शब्द पुढे उलगडतो. पण मला त्या गुलाबी आठवड्यांइतकंच उरलेल्या वर्षाबद्दल बोलायचं आहे. लोणारचा काठ पावसाळ्यात वेगळा असतो, दिवाळीत वेगळा, वैशाखात वेगळा. हिरवं पाणी, पांढरी खारट साय, काळा चिखल, क्वचित येणारा गुलाबी रंग, या सगळ्यांमागे एकच साधा हिशेब आहे: पाणी किती आलं आणि किती उडून गेलं. तो हिशेब एकदा समजला की हा काठ वाचता येतो, आणि वाचता आला की तो अधिक सुंदर दिसतो असा माझा अनुभव आहे.

## आधी बशी समजून घेऊ

दख्खनचं पठार ज्वालामुखीच्या लाव्ह्याचं बनलेलं आहे. त्या काळ्या पाषाणाला बेसॉल्ट म्हणतात. आपल्या लेण्यांचा, किल्ल्यांचा आणि पाट्या-वरवंट्याचा दगड तोच. या दगडावर अवकाशातून एक उल्का येऊन आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं गोल विवर तयार झालं. बेसॉल्टमध्ये उल्केच्या आघाताने झालेली विवरं जगात मोजकीच आहेत आणि लोणारचं त्यांतलं फार चांगलं टिकलेलं आहे.

हे कधी घडलं यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. एका पद्धतीने वय सुमारे ५२ हजार वर्षं निघालं होतं, नंतरच्या दुसऱ्या पद्धतीने ते ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास आलं. आपल्या विषयाला वयापेक्षा आकार महत्त्वाचा आहे.

विवराची कड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे आणि आतला तळ कडेपासून सव्वाशे-दीडशे मीटर खाली. म्हणजे काठ उंच असलेली बशी. बाहेरच्या शेतांतलं पावसाचं पाणी या उंच कडेमुळे सहसा आत येत नाही. आत पडलेलं पाणी बाहेर जाऊ शकत नाही, कारण बशीला कुठेही फट नाही. अपवाद ईशान्येकडे आहे. तिथे घळ पडली आहे आणि त्या बाजूने धार आत वाहते. ‘धार’ हेच तिचं नाव. गोमुखातून बारमाही पडणारं हे गोडं पाणी, तिथे होणारी स्नानं, भोवतालची देवळं, या सगळ्यांमुळे लोणार हे भूगोलाच्या पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधीपासून तीर्थ आहे.

आत येणारं पाणी तीन वाटांनी येतं: थेट पाऊस, उतारावरून वाहून येणारं पाणी, आणि धारेसारखे झरे. बाहेर जाण्याची उघड वाट एकच, ती म्हणजे वाफ.

## जे येतं ते राहतं

आपल्या गावच्या तलावाला सांडवा असतो. भरला की पाणी सांडव्यावरून जातं आणि जाताना विरघळलेले क्षारही घेऊन जातं. लोणारला सांडवा नाही. पाणी वाफ होऊन जातं, पण वाफेबरोबर क्षार जात नाहीत. आमटी आटली की खारट होते, तसंच. फरक इतकाच की ही आमटी हजारो वर्षं मंद आचेवर आहे आणि तिच्यात दर पावसाळ्यात थोडं पाणी वाढलं जातं.

‘लोणार’ या नावात लवण आहे, मीठ. लोणच्यातही तेच लवण. भगवान विष्णूने लवणासुराचा वध केला ती जागा म्हणजे हे विवर, अशी कथा आहे, आणि गावातलं दैत्यसूदनाचं अप्रतिम कोरीव मंदिर त्याच कथेचं आहे. कथा सांगणाऱ्यांनी पाणी चाखलं होतं हे नक्की.

मात्र लोणारचं मीठ हे फक्त आपलं जेवणातलं मीठ नाही. इथून पुढचा भाग रसायनशास्त्राचा आहे, पण तो स्वयंपाकघरातून समजतो.

## पापडखाराचं पाणी

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. ते बेसॉल्टमधून झिरपताना दगडातला सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम थोडा थोडा विरघळवतं. हे पाणी बशीत साठतं आणि आटू लागतं. आटताना सगळ्यात आधी कॅल्शियम साथ सोडतो. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर पाणी तापवण्याच्या पातेल्यात पांढरा खरखरीत थर धरतो ना, तोच हा. लोणारला तो थर तळाच्या गाळात जातो. पाण्यात उरतो तो सोडियम, आणि त्याच्या जोडीला कार्बोनेट. म्हणजे धुण्याचा सोडा. म्हणजे पापडखार.

म्हणून हे पाणी बोटाला बुळबुळीत लागतं. पाण्याचा आंबटपणा किंवा सोड्यासारखा अल्कपणा ‘सामू’ या मापाने मोजतात. ७ म्हणजे मधलं, त्याखाली आंबट, त्यावर अल्क. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या जरासा वर असतो, लोणारचा १० च्या आसपास किंवा त्याहून थोडा जास्त मोजला गेला आहे. ८ आणि १० मध्ये फार अंतर नाही असं वाटेल, पण या मापात प्रत्येक पायरी दहापटीची असते. दोन पायऱ्या म्हणजे शंभरपट.

या सोड्याला एके काळी बाजार होता. ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारची नोंद आहे ती काच आणि साबण बनवायच्या सामानासाठी. ब्रिटिश काळातही काठावरच्या खाराचे वेगवेगळे प्रकार गोळा होत. पाणी आटल्यावर वर धरणाऱ्या पातळ थराला ‘पापडी’ म्हणत. इतका खार व्यापारासाठी काढता येत होता याचा अर्थ त्या काळी पाणी आजच्यापेक्षा बरंच दाट होतं. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

## काठ हा एक पट्टा आहे

नकाशात सरोवराचा काठ म्हणजे एक निळी रेघ असते. प्रत्यक्षात काठ म्हणजे वर्षभरात पाणी जिथवर चढतं आणि जिथवर उतरतं त्यांच्यामधला सगळा पट्टा. उजनीच्या किंवा जायकवाडीच्या फुगवट्याजवळ राहणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात तो गाळपेर करतो. त्याच्यासाठी काठ दर आठवड्याला जागा बदलतो. भिगवणला रोहित पक्षी दिसतात तेही याच उघड्या पडणाऱ्या उथळ चिखलावर चरायला आलेले असतात.

लोणारच्या बशीचा तळ सपाट आणि पाणी उथळ आहे, काही मीटरच. उथळ ताटात चमचाभर पाणी कमी झालं तरी कड किती आत सरकते ते आठवा. समजा काठाचा उतार इतका मंद आहे की ५० मीटर चालल्यावर १ मीटर खोली येते. मग पाणी हातभर उतरलं की काठ २०-२५ मीटर मागे जाणार. आणि उलट बाजूने: विवराच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे अडीच चौरस किलोमीटर, पाण्याचं त्याच्या निम्म्याहून कमी. बशीत पडलेला १ सेंटिमीटर पाऊस सगळाच्या सगळा खाली आला, तर पाणी २ सेंटिमीटरहून जास्त चढेल. प्रत्यक्षात बराच पाऊस मातीत आणि झाडांत जिरतो, पण या सरोवराचा काठ इतका चंचल का, ते यावरून कळतं.

या पट्ट्यात पाण्यापासून वर चढत गेलं की झाडीची वलयं लागतात. पाण्यालगत काहीच उगवत नाही. काळा, पाय रुतणारा चिखल आणि वाळला की त्यावर पांढुरकी साय. त्यापलीकडे वेडी बाभूळ, जी कुठेही तग धरते. मग मिश्र झाडी, आणि उतारावर साग, सीताफळ. खाराच्या तडाख्यातून जितकं दूर, तितकी झाडी दाट. झाडांच्या या रांगा म्हणजे मातीतल्या खाराचा नकाशाच आहे.

कमळजादेवीच्या देवळाजवळ एक विहीर आहे. लोक तिला सासू-सुनेची विहीर म्हणतात. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट, आणि नाव त्यावरून. चमत्कार म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट काठाचं विज्ञान फार नेमकं सांगते. उताराकडून जमिनीखालून गोडं पाणी येतं, सरोवराकडून खारं पाणी झिरपतं, आणि दोघांची गाठ काठावर पडते. विहीर त्या गाठीवरच खणलेली असली तर तिच्यात दोन्ही चवी असणारच. अशा गाठी सगळ्या काठाने आहेत. विहिरीत ती दिसते इतकंच.

## मृगापासून शिमग्यापर्यंत

पहिला जोरदार पाऊस पडला की उतारावरून पाण्याचे लोट येतात आणि काठालगतचं पाणी मातकट होतं. गोडं पाणी हलकं असतं, खारं जड. त्यामुळे नवं पाणी लगेच मिसळत नाही. सरबतावर हलक्या हाताने साधं पाणी सोडलं तर ते काही वेळ वरच राहतं, तसं ते थराने पसरतं. वारा आणि लाटा हळूहळू दोन्ही एकजीव करतात. आषाढ-श्रावणात बशीचा आतला भाग इतका हिरवा होतो की कडेवरून पाहताना झाडी कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते चटकन कळत नाही. उन्हाळ्यात उघडी पडलेली पांढरी साय विरघळून पुन्हा पाण्यात जाते. खार बाहेर गेलेला नसतो, काठावर बसलेला असतो, आणि पाऊस त्याला परत आत घेतो.

नवरात्रात कमळजादेवीची यात्रा असते. तेव्हा बहुधा पाणी वर्षातल्या सगळ्यात वरच्या पातळीजवळ असतं. अशा दिवसांत पाणी थेट देवळापाशी येतं, आणि पाण्यात उभी असलेली वाळकी झाडं दिसतात. ही झाडं नीट पाहावीत. पाणी मागे असताना, काठ दूर असताना ती उगवली, मोठी झाली, आणि नंतर पाणी चढल्यावर मेली. मेलेलं प्रत्येक खोड म्हणजे ‘एके काळी काठ माझ्या पलीकडे होता’ ही नोंद आहे.

मला लोणार सगळ्यात आवडतं ते दिवाळीनंतर. आकाश धुतलेलं, उतारावर सीताफळं पिकलेली, आणि पाणी गडद हिरवं. हा हिरवा रंग शेवाळाचा मानला जातो, पण त्यातला मुख्य वाटा स्पिरुलिना नावाच्या सूक्ष्मजीवाचा आहे. औषधांच्या दुकानात ‘पौष्टिक पूड’ म्हणून हिरवट डबे मिळतात ना, तोच. त्याला गरम, सोड्याचं पाणी मानवतं. बाकीचे पुष्कळ जीव अशा पाण्यात टिकत नाहीत, म्हणून त्याला प्रतिस्पर्धी कमी. सूर्यप्रकाशावर तो इतका वाढतो की पाणी वाटणासारखं हिरवं आणि अपारदर्शक होतं. साहजिकच खाली उजेड पोहोचत नाही, प्राणवायूही कमी पडतो, आणि तळाच्या काळ्या चिखलात प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. काठावर सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांच्या कामाचा. वास आला म्हणजे घाण मिसळली असंच समजू नये. सोड्याच्या सरोवराच्या तळाशी हे नैसर्गिकपणे चालतं.

थंडीत पाण्यावर पक्ष्यांची गर्दी होते. चक्रवाकाची नारिंगी जोडी, चमच्यासारख्या चोचीचा थापट्या, लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, डुबक्या मारणारी टिबुकली. यांतले बरेच पाण्याच्या मध्यावर कमी आणि काठाच्या उथळ पट्ट्यात, त्यातही जिथे गोडं पाणी येऊन मिळतं तिथे जास्त दिसतात, कारण खाणं तिथे असतं. म्हणजे काठाचा पट्टा अरुंद झाला की त्यांचं ताट लहान होतं. थंड हवा जड असल्यामुळे रात्री ती या बशीच्या तळाशी उतरते. म्हणून पौषातल्या पहाटे कडेवरून खाली उतरताना गारवा पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. कडेवर ऊन पडलेलं असतं आणि खाली अजून सावली असते. तो अर्धा तास चुकवू नये.

शिमग्याच्या सुमाराला झाडी विरळ होते, विवराचा मूळ आकार उघडा पडतो, आणि पाणी मागे सरकायला लागतं.

## वैशाख, आणि तो गुलाबी रंग

विदर्भातला उन्हाळा काय असतो हे सांगायला नको. ऊन आणि कोरडा वारा मिळून रोज पाण्याचा एक पातळ थर उचलून नेतात. आलेला खार मात्र तेवढाच. पाणी समजा ५ मीटरवरून ४ मीटरवर आलं, तर खारटपणा साधारण सव्वापट होतो. काठालगतच्या उथळ डबक्यांत तो कितीतरी जास्त वाढतो. मिठागराच्या शेवटच्या वाफ्यात होतं तेच.

आता ‘हॅलोआर्किया’. हे डोळ्यांना न दिसणारे, एका पेशीचे जीव आहेत. ते जिवाणूंसारखे दिसतात, पण जीवसृष्टीच्या वंशवृक्षात त्यांची फांदी वेगळी आहे. त्यांना आपण मीठप्रेमी जीव म्हणू. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं, कारण बाहेरचं मीठ पेशींतलं पाणी ओढून घेतं. साधा जीव दाट खारात असाच आक्रसून मरतो. मीठप्रेमी जीवांनी यावर तोड काढली आहे. ते आपल्या पेशीच्या आतच भरपूर क्षार साठवतात, म्हणजे आतबाहेरचा तोल राहतो. याची किंमत अशी की गोड्या पाण्यात त्यांची उलटी गत होते. पाणी आत घुसतं आणि पेशी फुटते.

यांच्या अंगात लालसर-गुलाबी रंगद्रव्य असतं, गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्या कुळातलं. कडक उन्हापासून ते पेशीचं रक्षण करतं. एक जीव दिसणार नाही, पण एका थेंबात असंख्य झाले की पाणीच रंगीत दिसतं. हे जीव २०२० मध्ये कुठून बाहेरून आले नव्हते. लोणारच्या पाण्यात आणि चिखलात ते असतातच, हिरव्या जीवांच्या गर्दीत मागे पडलेले. त्या वर्षी उष्णता आणि खारटपणा त्यांच्या मनासारखे झाले आणि त्यांची संख्या एकदम वाढली.

रंग जिवांचाच कशावरून? आघारकर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पाहिलेली एक गोष्ट मला फार पटली, कारण ती कुणालाही कळेल. आणलेलं पाणी स्थिर ठेवलं, तर गुलाबीपणा तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. कापडाचा रंग पाण्यात टाकून ठेवला तर तो असा खाली बसत नाही, तो पाण्याचाच होऊन जातो. इथे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यात तरंगणाऱ्या कणांचा होता, आणि ते कण म्हणजे हे जीव. पाऊस लागला, पाणी पातळ झालं, आणि रंग गेला.

लोणार यात एकटं नाही. इराणमधलं उर्मिया सरोवर २०१६ च्या उन्हाळ्यात असंच हिरव्याचं लाल झालं होतं आणि उपग्रहाच्या छायाचित्रांत तो बदल स्पष्ट दिसला. जगभरच्या मिठागरांतही मीठ धरण्याआधी पाणी लालसर होतं.

## ‘पण हे टाळेबंदीमुळे झालं ना?’

वेळ जुळली म्हणून तसं वाटलं. वर्दळ नव्हती, पाणी कुणी ढवळलं नाही, याचा थोडाफार हातभार लागलाही असेल. पण पर्यटक गेल्यामुळे पाणी खारट होत नाही. खारट होतं ते आटल्यामुळे.

‘रोहित पक्ष्यांमुळे पाणी गुलाबी होतं’ हेही ऐकलं आहे. गंमत अशी की खरी गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. रोहित पक्ष्याचं पिल्लू राखाडी असतं. खाण्यातून या रंगद्रव्यांच्या कुळातली द्रव्यं पोटात जातात आणि पिसं गुलाबी होतात. रंग पाण्यातून पक्ष्याकडे जातो.

आणि उल्केचा किरणोत्सर्ग वगैरे? त्याची काहीच गरज नाही. उल्केने बशी दिली. बाकी सगळं ऊन, पाऊस आणि दगडाने केलं.

## ‘गुलाबी रंग म्हणजे सरोवर आजारी आहे का?’

एखाद्या उन्हाळ्यापुरता आलेला रंग हा आजार नाही. ताप आला की आपण तो किती दिवस टिकतो ते बघतो, तसं इथेही बघायला हवं. पाऊस आल्यावर हिरवा रंग परतला, तर चक्र चालू आहे. दरवर्षी पाणी अधिकच आटत गेलं आणि रंग कायमचा राहिला, तर काळजी करावी. उर्मियाची खरी चिंता तिथल्या लाल रंगाची नव्हतीच, सरोवर आक्रसत चाललं होतं ही होती.

## ‘पाणी वाढत असेल तर चांगलंच ना?’

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याचं उत्तर आपल्या मनाविरुद्ध जाणारं आहे. आपण दुष्काळी भागातली माणसं. पाणी वाढलं म्हटलं की आनंदच होतो, आणि बुलडाण्यात तर तो व्हायलाच हवा. पण लोणारच्या बशीत गोडं पाणी वाढत जाणं ही त्या सरोवरासाठी चांगली बातमी नाही.

या सरोवराचं वैभव त्याच्या दाटपणात आहे. त्या दाटपणामुळेच इथे असे सूक्ष्मजीव राहतात जे साध्या तळ्यात एक दिवस जगणार नाहीत, आणि त्यांच्यावर संशोधन करायला देशभरातून शास्त्रज्ञ येतात. आमटीत पाणी ओतत राहिलं तर आमटी वाढते, पण आमटी राहत नाही. पाणी पातळ झालं की आधी मीठप्रेमी जीव जातील, मग हिरव्या स्पिरुलिनाची जागा साधं शेवाळ घेईल, पुढे मासे येतील. सोड्याच्या सरोवरात मासा जगायला लागला, तर ते सरोवर आता वेगळं झालं आहे असं समजायचं. मघाशी व्यापारी खाराची गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी. ज्या पाण्यातून एके काळी काचेचा आणि साबणाचा खार निघत होता, ते तेव्हापासून पातळच होत आलं आहे.

पाणी वाढण्याच्या वाटा आपण पाहिल्या: पाऊस, उतार, झरे. झऱ्यांचं नातं विवराबाहेरच्या भूजलाशी आहे. म्हणजे कडेच्या बाहेर दोन-चार किलोमीटरवर पाणी अडवलं, जिरवलं, उपसलं किंवा उपसायचं थांबवलं, तर त्याचा परिणाम आतल्या काठावर दिसू शकतो. विवराला कुंपण घालून हा प्रश्न सुटत नाही, कारण भूजलाला कुंपण कळत नाही.

दुसरी बाब सांडपाण्याची. ‘एवढ्या मोठ्या सरोवरात थोडं सांडपाणी गेलं तर काय होतं?’ असं विचारलं जातं. नदीत ते वाहून तरी जातं. इथे सांडवा नाही हे आठवा. साबणातलं, खतातलं, मैल्यातलं जे काही धारेच्या ओढ्याने किंवा उतारावरून आत उतरेल, ते आतच राहणार. विवराच्या आत पूर्वी शेती होत असे, रासायनिक खतं आणि फवारणीसह. ती बंद करावी लागली ती याच कारणाने.

२०२० मध्येच लोणारला पाणथळ जागा जपण्याच्या ‘रामसर’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली जागतिक मान्यता मिळाली. नांदूर मधमेश्वरनंतर हा मान मिळवणारं ते महाराष्ट्रातलं दुसरं ठिकाण. नांदूर मधमेश्वरला गोदावरीचं पाणी येतं आणि पुढे जातं. लोणारला पुढे जाणं नाही. दोघांची काळजी एकाच पद्धतीने घेता येणार नाही.

## ‘मग जायचं कधी?’

गुलाबी रंग बघायला म्हणून जाऊ नका; तो कुणाच्या सुट्टीचं वेळापत्रक बघून येत नाही. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने उत्तम. जमलं तर त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा जा, भल्या सकाळी. एकाच जागी उभं राहून दोन्ही वेळा फोटो काढा.

दोन्ही खेपांना काठाजवळच्या दगडांकडे आणि देवळाच्या पायथ्याकडे नीट बघा. काळ्या पाषाणावर पांढऱ्या आडव्या रेघा असतात, एकीखाली एक. पाणी काही काळ जिथे थांबून मागे गेलं, तिथे खाराने ओढलेल्या या रेघा. सगळ्यात वरची रेघ शोधा, आणि आजचं पाणी तिच्यापासून किती हात खाली आहे, की तिच्याही वर गेलं आहे, तेवढं मोजून या.